परशराम अण्णांची केसाडिया

परशराम अण्णा लाटलेली चपाती तव्यावर टाकण्याआधी दोन्ही हातांनी उचलून ट्यूबलाइटसमोर धरतात. एक डोळा मिटतात, दुसरा बारीक करतात आणि चपातीच्या या काठापासून त्या काठापर्यंत नजर फिरवतात. कुठे जरा जास्त उजेड आरपार आला, की "हितं विरल्यागत झालंय" असं पुटपुटून ती मोडतात आणि परत गोळ्यात घालतात. पहिल्यांदा हा प्रकार बघितला तेव्हा मला वाटलं, मोतीबिंदू पिकला असेल. मग लक्षात आलं, की ज्या माणसाचा जन्म मागावर गेला तो कापड असंच बघणार, आणि अण्णांच्या लेखी चपाती हेही एक कापडच आहे.

अण्णा आमच्या समोर राहतात. आमची गल्ली बेळगावच्या वडगावातली. एके काळी गल्लीत दोन माणसांना एकमेकांशी बोलायचं तर ओरडावं लागायचं, इतका मागांचा खडखडाट. अण्णांचे स्वतःचे चार माग होते. साड्या विणायचे. गुडघ्यांनी दगा दिला तसे त्यांनी माग विकले. मागची शेड तेवढी राहिली आणि जिभेवर मागाची भाषा राहिली. त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे. "काठ संबाळा, मदलं आपोआप ऱ्हातंय." हे वाक्य ते कशालाही लावतात. गटार तुंबलं तरी हेच, कुणाचं लग्न मोडलं तरी हेच, आणि आमच्या ह्यांनी गच्ची गळते म्हणून तक्रार केली तेव्हाही हेच. गच्चीच्या बाबतीत ते खरं निघालं, ही गोष्ट वेगळी.

माग गेल्यावर रिकामा माणूस काय करणार? अण्णांनी नाद लावून घेतले. एकदा कुंडीत द्राक्षं लावली. वेल गल्लीभर पसरला, द्राक्ष एक आलं नाही. एकदा पाण्याच्या टाकीला घंटी बसवली. टाकी भरली की घंटी वाजायची, आणि सगळी गल्ली देवळात आरती सुरू झाली समजून हात जोडायची. त्यामुळे एका रविवारी सकाळी ते फाटकातून ओरडले, "वैनी, किसाडी ठावं हाय काय तुमास्नी?" तेव्हा मी मनात म्हटलं, आलं नवीन लचांड.

मला ठाऊक होतं. मी गावाबाहेरच्या मच्छेतल्या एका कारखान्यात हिशेबाचं काम करते. तिथली पोरं दुपारी मोबाइलवर काय काय मागवून खातात, त्यात हा पदार्थ बघितला होता. दोन पातळ पोळ्या किंवा एकच दुमडलेली, मध्ये कोंबडी, चीज, ढबू मिरची, कांदा, आणि तव्यावर भाजून त्रिकोणी तुकडे. "केसाडिया म्हणतात त्याला अण्णा," मी म्हटलं.

"तेच की वो. किसाडी. मी करणार हाय. तुमी खाऊन सांगायचं."

नावाचं त्यांना सोयरसुतक नव्हतं. शेवटपर्यंत ते किसाडीच म्हणाले.

आता इथे त्यांच्या घराबद्दल सांगायला हवं. त्यांच्या स्वयंपाकघरात देव्हारा आहे, त्यामुळे कोंबडी तिथे शिजत नाही. ती मागच्या शेडमध्ये, वेगळ्या शेगडीवर, वेगळ्या भांड्यांत. हे सुशीला आक्कांनी, म्हणजे अण्णांच्या बायकोने, लग्न होऊन आल्यापासून पाळलेलं. रविवारी सकाळी आक्का शेडमध्ये पदर खोचून बसल्या, की दुपारपर्यंत गल्लीतल्या कुणाचं स्वतःच्या आमटीत लक्ष लागायचं नाही. वाटी घेऊन दारात गेलं तर वाटी कधी अर्धी परत यायची नाही. आलागेला, पोस्टमन, मीटर बघायला आलेला, सगळ्यांना "बसा, दोन घास खाऊन जावा" ठरलेलं.

मागच्या दिवाळीनंतर आक्कांच्या अंगावरून वारं गेलं. बोलणं परत आलं, पाय जरा ओढत का होईना चालू लागला, पण उजवा हात काही आला नाही. तो मांडीवर नुसता ठेवलेला असतो. आणि तेव्हापासून आक्का आतल्या खोलीत, दार लोटून, एकट्या जेवतात. ताट आत जातं, रिकामं बाहेर येतं. मुलगी रेखा निपाणीला दिलेली, ती भरवायला आली तर तोंड फिरवलं. चमचा दिला तर तो तसाच ताटात पडून राहिला. जेवणाचं बोलावणं आलं की आक्कांचं डोकं दुखायला लागतं. बारसं असो, वास्तुशांती असो, आक्का नाहीत.

मी एकदा न राहवून विचारलं. त्या खिडकीकडे बघत म्हणाल्या, "डाव्या हातानं चार माणसांत खाऊ? सगळ्या गल्लीच्या पोरांस्नी मी सांगितलं, डाव्या हातानं खाऊ नगंस, डाव्या हातानं दिऊ नगंस. आता मीच बसू व्हय तसं?"

अण्णा एकदा फाटकाशी उभे राहून सरळ म्हणाले होते, "वैनी, हात नसंना का. पर ती चार माणसांत येऊन बसाय पायजे. आत दार लावून खाल्लेलं अंगी लागतंय व्हय?" हे बोलून ते लगेच पाण्याच्या टाकीकडे गेले. टाकी काही भरली नव्हती.

असो. तर केसाडिया.

पहिल्या रविवारी त्यांनी चीजच्या जागी खवा घातला. आमच्या बेळगावात खव्याला तोटा नाही. कुंदा ही मिठाई करायला माणसं तो किलोकिलोने नेतात. अण्णांचा हिशेब सरळ होता: दुधाचंच हाय, पांढरंच हाय, तव्यावर इतळतंयबी. दिसायला केसाडिया फार सुंदर झाली होती. आमच्या ह्यांनी मोठा घास घेतला, चावायचे थांबले आणि माझ्याकडे असं बघितलं, की लग्नाला इतकी वर्षं झाली पण ती नजर मी पूर्वी बघितली नव्हती. कांदा-लसूण मसाल्यातली कोंबडी आणि वर गोडूस खवा. मी पाणी प्यायले आणि म्हटलं, "अण्णा, चीज वेगळं असतं."

"मग आदी सांगायचं न्हाय?"

दुसऱ्या खेपेला कॅम्पातल्या दुकानातून ते खरं चीज घेऊन आले. दुकानदाराने चार प्रकार दाखवले तेव्हा अण्णांनी विचारलं म्हणे, की यातलं तार कुठलं धरतं? दुकानदाराला वाटलं, गिऱ्हाईक जाणकार आहे.

चव तिसऱ्या-चौथ्या रविवारीच जमली होती. खरं सांगते, उत्तम झाली होती. कोंबडी आधी हळद-मीठ लावून वाफवायची, हाताने तंतू तंतू सोडायचे, मग कांदा आणि ढबू मिरची मोठ्या आचेवर परतून त्यात मसाला आणि कोंबडी. पाणी अगदी आटवायचं. चपाती कच्ची-पक्की भाजून खाली घ्यायची, अर्ध्या भागावर आधी चीज, मग कोंबडी, मग परत चीज, आणि दुमडून मंद आचेवर दाबत दाबत कुरकुरीत करायची. मी म्हटलं, झालं, नाद पुरा झाला, आता पुढच्या रविवारी आपली सुटका.

कसली सुटका! अण्णांना चवीत रसच नव्हता. मी "मस्त झालीय" म्हटलं, की ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे आणि विचारायचे, "हाताला लागलं काय?"

"काय?"

"तेल, मसाला. हाताला काय लागलं काय? खाली काय पडलं?"

पडलं होतं. ढबूचा एक तुकडा माझ्या साडीवर. अण्णा तो तुकडा उचलून असे बघत राहिले, जसा काही साडीत तुटका धागा सापडला आहे. "काठ सुटला," ते म्हणाले आणि शेडमध्ये गेले.

मग काठाचे प्रयोग सुरू झाले. करंजीसारखी मुरड घालून बघितली, ती जाड राहिली आणि कच्ची लागली. पिठाची खळ लावून बघितली. मागावर सुताला खळ लावत आलेला माणूस ती विसरेल कसा? ती जरा बरी ठरली. शेवटी काठाला चीजचीच बारीक रेघ द्यायची, आणि दुमडल्यावर उलथन्याने तिथे आधी दाबायचं, हे त्यांना सापडलं. त्या दिवशी स्वारी खूश होती. पण मला म्हणाले, "आता येका हातात धरून खावा."

मी तुकड्याला खालून आधार द्यायला डावा हात उचलला.

"तो न्हाय उचलायचा! येकाच हातात. दुसरा पाटीमागं घ्या."

"अहो अण्णा, मी काय कैदी आहे?" हिंडलग्याचा तुरुंग आमच्यापासून काही फार लांब नाही, तेव्हा ही थट्टा आमच्याकडे चालते. पण अण्णा हसले नाहीत. मग मी एक हात पाठीमागे घेऊन, भर दुपारी, शेडच्या पायरीवर उभी राहून केसाडिया खाल्ली. मधेच तुकडा वाकला आणि टोकाकडची कोंबडी सुटून खाली आली. अण्णा म्हणाले, "टोक लांबलं. तुकडा ल्हान पायजे." आमच्या ह्यांनी हे सगळं गच्चीवरून बघितलं आणि संध्याकाळपर्यंत मला हातकड्या कुठे आहेत म्हणून विचारत राहिले. पुढचे काही रविवारही मी तशीच, एका हाताने खाल्ली.

दर खेपेला एक तुकडा आत आक्कांना जायचा. बशी मीच न्यायचे. "ठेव तितं," आक्का म्हणायच्या, आणि मी बाहेर पडून दार लोटेपर्यंत बशीला हात लावायच्या नाहीत. बशी रिकामी यायची. अण्णा बशी हातात घेऊन उलटसुलट करून बघायचे. एकदा बघून म्हणाले, "काय सांडलं न्हाय बगा." मला वाटलं, किती हा माणूस आपल्याच नादात.

मग निपाणीहून निरोप आला. रेखाच्या सासऱ्यांना, दत्तू आप्पांना, बेळगावात डोळे दाखवायचे होते. शनिवारी दवाखाना, रविवारी दुपारी जेवून परत. सासू-सासरे, रेखा आणि जावई, चौघं येणार. दत्तू आप्पा म्हणजे जुन्या वळणाचे, तंबाखूची शेती, डोक्यावर टोपी, बोलणं कमी. पानात पहिला घास कुणी घ्यायचा आणि पाट कुठे मांडायचा, हे त्यांच्यासमोर चुकून चालत नाही. आक्कांनी शुक्रवारीच सांगून टाकलं, "मला ताप आलाय म्हून सांगा." ताप यायला अजून दोन दिवस होते.

अण्णा म्हणाले, "सांगतो."

आणि त्या रविवारी अण्णांनी व्याह्यांना केसाडिया घातली.

मी मदतीला गेले होते. रस्सा नाही, भाकरी नाही, भात नाही. मी शेडमध्ये जाऊन दबक्या आवाजात म्हटलं, "अण्णा, व्याही आहेत. निदान थोडा रस्सा तरी?" अण्णा म्हणाले, "आज रस्सा न्हाय. आज फकस्त हेच." त्यांच्या कपाळावर घाम होता आणि तो काही शेगडीचा नव्हता.

बाहेरच्या खोलीत सगळे मांडी घालून बसले. आतल्या खोलीचं दार नेहमीसारखं लोटलेलं. अण्णांनी परात आणली, सगळ्यांच्या ताटांत तुकडे वाढले, आणि दत्तू आप्पांनी उजवा हात पुढे केला तसे घसा खाकरून म्हणाले, "आप्पा, वाईच थांबा. हे डाव्या हातानं खायचं असतंय."

"डाव्या?" दत्तू आप्पा म्हणाले.

"व्हय. तिकडची रीतच हाय तशी." अण्णांनी खिशातून मोबाइल काढला आणि एक व्हिडिओ लावून व्याह्यांच्या पुढे धरला. तो व्हिडिओ मी ओळखत होते. कुठल्या तरी देशातली एक जाडजूड बाई केसाडिया करते आणि शेवटी खाते. याहून सोपे, हिंदीतले, समजणारे व्हिडिओ मी अण्णांना किती दाखवले होते. "न्हाय, हीच बाई," म्हणून ते तिलाच धरून बसले होते. आता मी पहिल्यांदा नीट बघितलं. बाई डावरी होती. कांदा डाव्या हाताने चिरत होती, उलथनं डाव्या हातात, आणि शेवटचा तो तुकडाही तिने डाव्या हातानेच उचलून तोंडात घातला.

माझ्या हातातलं पाण्याचं भांडं मी खाली ठेवलं. इतके रविवार मी एक हात पाठीमागे घेऊन उभी होते आणि माझ्या डोक्यात उजेड पडला नव्हता.

दत्तू आप्पांनी व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला. मग मोबाइल परत देत म्हणाले, "आमच्यात डाव्या हातानं न्हाय चालत, परशराम."

"आमच्यातबी न्हाय चालत की," अण्णा म्हणाले. "पर हे कुटं आमच्यातलं हाय? ज्याचं खाणं त्याची रीत." आणि अण्णांनी त्या लोटलेल्या दाराकडे एकदाच बघितलं.

दत्तू आप्पांनीही तिकडे बघितलं. त्यांना काय कळलं, किती कळलं, मला सांगता येणार नाही. ते थोडा वेळ टोपी सारखी करत बसले. मग त्यांनी उजवा हात मांडीखाली घातला, त्यावरच बसले, जणू तो ऐकणार नाही अशी भीती होती, आणि डाव्या हाताने तुकडा उचलला. तो नाकाजवळ गेला, मग गालाला लागला, मग तोंडात. जावयाचा तुकडा थेट शर्टाच्या खिशात. विहीणबाई पदर तोंडाला लावून हसू लागल्या, तर त्यांच्याही हातातून चीजची तार निघाली ती मनगटापर्यंत. "अवो, धरायचं कसं हे?" त्या म्हणाल्या. दत्तू आप्पा गंभीरपणे म्हणाले, "घाई करू नगा. सवय लागंस्तवर वेळ जायचाच."

आणि दारामागून आक्कांचं हसू ऐकू आलं. ते मी किती महिन्यांनी ऐकत होते. दार उघडलं. आक्का भिंतीला धरून आल्या. कुणी त्यांना तापाचं विचारलं नाही. रेखाने सरकून शेजारी जागा केली, मी पाट टाकला, ताट वाढलं, त्या बसल्या. बसल्यावर त्यांनी सगळ्यांचे बरबटलेले डावे हात एकेक करून बघितले, मग स्वतःच्या ताटातला तुकडा डाव्या हाताने उचलला आणि खाल्ला. एक कण खाली पडला नाही. सगळ्या पंगतीत नीटनेटकं खाणाऱ्या त्या एकट्याच. नाही, एकट्या नव्हेत. रेखाही तितकंच सफाईने खात होती.

आक्का तिच्याकडे बघत राहिल्या. "तुला बरं जमतंय गं."

"मी डावरीच हुतो की, आई," रेखा म्हणाली. "तूच हात बांदून ठेवायचीस."

रेखाने ते हसत म्हटलं, पण आक्का हसल्या नाहीत. त्यांनी स्वतःच्या ताटातला एक तुकडा डाव्या हाताने उचलला आणि रेखाच्या ताटात ठेवला. "खा," म्हणाल्या. "तसंच खा."

तोवर अण्णा कुठे होते? परात रिकामी झाली होती आणि ते दिसत नव्हते. मी शेडमध्ये गेले. शेगडी मंद होती, अण्णा भिंतीला टेकून उभे होते, हातात उलथनं.

"आली काय?" त्यांनी विचारलं.

"आल्या. बसल्यात. खातात."

"डाव्या हातानं?"

"सगळेच डाव्या हातानं," मी म्हटलं, आणि मग जरा दटावून म्हटलं, "आणि तुम्ही इथे काय करताय? चला, आक्कांच्या शेजारी जागा आहे. तुम्हीही बसा."

"न्हाय, न्हाय." ते एकदम दाराच्या आड झाले, कुणी बघेल म्हणून. "मी ग्येलो की ती उटंल."

"का उठतील?"

"मला वाढायला. लगीन झाल्यापास्नं मी पाटावर बसलो की ती उटती. ठाव न्हाय तिला दुसरं. अर्ध्या जेवणातनं उटंल आणि मग परत बसायची न्हाय." त्यांनी चपाती तव्यावर टाकली, निम्म्यावर चीज पसरलं, कोंबडी घातली. काठावरची रेघ सरळ आली. "किती खाल्ली तिनं?"

"दोन. एक रेखाला दिली."

"तिला तीन लागत्यात," अण्णा म्हणाले. "ही झाली की तुमीच न्या. मी हितंच हाय म्हून सांगू नगा."